ठाण्याला पहिली ट्रेन आली तेव्हा तो १८ वर्षांचा होता. आज आपण त्याच्याच बॅटरीत पाणी घालतोय

मे महिन्यात ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत कुठल्याही गॅरेजवर थोडा वेळ उभे राहा. एक केस नक्की येते. सकाळी चावी फिरवली, नुसती टकटक झाली, गाडी काही उठली नाही. मेकॅनिक बॉनेट उघडतो, बॅटरीवरची सहा झाकणं काढतो, टॉर्च मारून आत बघतो आणि पाणी संपल्याचं सांगतो. मग डिस्टिल्ड वॉटरची बाटली, थोडं चार्जिंग, आणि गाडी परत कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये.

आता प्रश्न असा की बॅटरीत पाणी कशाला लागतं? आणि ते जातं कुठे? याचं उत्तर शोधायला आपल्याला थेट फ्रान्सला जावं लागतं, गॅस्टन प्लांते नावाच्या माणसाकडे.

गॅस्टनचा जन्म २२ एप्रिल १८३४ चा. गाव ऑर्थेझ, फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेजवळ. आपल्याकडचा संदर्भ लावायचा तर १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली ट्रेन ठाण्याला आली, तेव्हा त्याचा एकोणिसावा वाढदिवस सहा दिवसांवर होता. पुढच्या वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये ती लाइन कल्याणपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी हा पठ्ठ्या पॅरिसच्या एका नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत भौतिकशास्त्राचा सहायक म्हणून कामाला लागला. तिथे त्याचे साहेब होते एडमंड बेकरेल. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लावणाऱ्या हेन्री बेकरेलचे हे वडील.

पण गॅस्टनचं नाव पहिल्यांदा गाजलं ते विजेमुळे नाही, तर एका हाडामुळे. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या म्युदाँ इथे त्याला एका प्रचंड पक्ष्याच्या पायाचं जीवाश्म झालेलं हाड सापडलं. माणसापेक्षा उंच, उडता न येणारा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पक्षी. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं गॅस्टॉर्निस, म्हणजे गॅस्टनचा पक्षी. वयाच्या एकविसाव्या वर्षी स्वतःच्या नावाचा पक्षी! दुसरा कोणी असता तर आयुष्यभर हाडंच उकरत बसला असता. हा मात्र परत प्रयोगशाळेत आला.

त्या काळात बॅटरी होत्या, पण एकदा रसायन संपलं की खेळ खल्लास. आपल्या टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलसारखं. शास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट मात्र माहीत होती. आम्लात बुडवलेल्या धातूंच्या दोन पट्ट्यांमधून वीज सोडली आणि मग बंद केली, तर त्या पट्ट्या थोडा वेळ उलट दिशेने वीज परत देतात. बहुतेकांसाठी ही एक कटकट होती. गॅस्टनने ती कटकटच अभ्यासाला घेतली. तांबं, चांदी, कथील, सोनं, प्लॅटिनम असे एकेक धातू तपासत गेला. जिंकलं कोण? त्यातलं सगळ्यात बावळट दिसणारं शिसं.

१८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये कापड ठेवलं आणि सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करून पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उभी केली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी जगातली पहिली बॅटरी ती हीच. १८६० मध्ये अशा नऊ गुंडाळ्या जोडून त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवल्या.

आता पाण्याकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चार्जिंग करताना एका पत्र्यावर शिशाचा तपकिरी ऑक्साइड तयार होतो, दुसऱ्यावर भुसभुशीत शिसं. वीज वापरताना ॲसिड दोन्ही पत्र्यांशी जोडलं जातं आणि मागे पाणी तयार होतं. परत चार्ज केलं की ॲसिड सुटून पाण्यात परत येतं. म्हणजे ॲसिड आत-बाहेर करत राहतं, संपत नाही. पण बॅटरी भरत आली की जास्तीची वीज पाणीच फोडायला लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे वर येतात आणि हवेत निघून जातात. वरून इंजिनची उष्णता आणि आपल्याकडचा उन्हाळा. गेलं ते फक्त पाणी, म्हणून भरायचंही फक्त पाणीच. ॲसिड टॉप-अप करणारे हौशी लोक असतात, ते बॅटरीचे पत्रे लवकर खातात.

आणि हे पाणी डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यातले क्षार आणि लोह पत्र्यांवर काम करत राहतात, आणि पाणी उडालं तरी ते आतच साठतात. आरओचं पाणी पिण्यासाठी ठीक आहे, पण त्यातही थोडे क्षार राहतात. एसीच्या पाइपचं पाणी बादलीत धरून बॅटरीत ओतायची युक्ती आपल्या सोसायट्यांमध्ये फार लोकप्रिय आहे. त्या पाण्यात धूळ आणि कॉइलच्या धातूचे अंश येतात. झाडांना घाला, बॅटरीला नको.

घरी बघायचं असेल तर गाडी बंद करा, हातमोजे आणि चष्मा घाला, बॅटरीचा वरचा भाग आधी पुसून घ्या, म्हणजे झाकण उघडल्यावर कचरा आत जाणार नाही. सहा कप्पे असतात, प्रत्येकी साधारण २ व्होल्टचे, म्हणून १२ व्होल्ट. पाणी पत्र्यांच्या साधारण १ सेंटिमीटर वर हवं. बाहेरून पारदर्शक असेल तर खालच्या-वरच्या दोन रेषांच्या मध्ये. काठोकाठ भरू नका. चार्जिंगमध्ये पातळी वर चढते आणि ॲसिड उतू जातं. पत्रे उघडे पडले असतील तर आधी ते बुडतील इतकंच पाणी घाला, बॅटरी चार्ज करा, मग पातळी पूर्ण करा. आत डोकवायला काडी किंवा लायटर पेटवू नका, हायड्रोजन भडकतो. सगळ्याच कप्प्यांत पाणी वारंवार कमी होत असेल तर चार्जिंग जास्त होतंय का ते तपासून घ्या. एकाच कप्प्यात होत असेल तर तो कप्पा बहुधा जायच्या वाटेवर आहे. मेंटेनन्स-फ्री लिहिलेल्या सीलबंद बॅटरीला मात्र हात लावू नका. घरातल्या इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीला जवळपास हेच नियम लागू.

गॅस्टनची अडचण वेगळीच होती. शिशाच्या साध्या पत्र्यात वीज फार कमी मावायची. ती वाढवायला तो पत्रे चार्ज करायचा, रिकामे करायचा, उलटे चार्ज करायचा, असं महिनोनमहिने. तेव्हा डायनॅमोही नव्हता, त्यामुळे बॅटरी चार्ज करायला दुसरी बॅटरी लागायची! रुपया वाचवायला सव्वा रुपया घालवायचा, तसा हा प्रकार. लोकांनी शोधाचं कौतुक केलं आणि वीसेक वर्षं तो बाजूला ठेवून दिला.

तो काही थांबला नाही. याच बॅटरीवर मेणबत्ती पेटवणारा एक लायटर त्याने बनवला आणि त्याला शनीचं नाव दिलं, कारण युरोपातले जुने किमयागार शिसं शनीचं मानायचे. (आपल्याकडे शनीला लोखंड चालतं, तो भाग वेगळा.) शेकडो बॅटऱ्या जोडून त्याने मोठ्या दाबाची वीज तयार केली आणि चेंडूसारखी फिरणारी वीज कशी होत असेल याचा माग काढत बसला. १८७९ मध्ये या सगळ्यावर ग्रंथ लिहिला.

मग डायनॅमो आला आणि चार्जिंग स्वस्त झालं. १८८१ मध्ये कामीय फोर या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप द्यायची पद्धत काढली. महिन्यांचं काम झटपट व्हायला लागलं, कारखाने उभे राहिले. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर शिशाच्या बॅटरीवर चालणारी तीनचाकी धावली. माझ्या मते हा अन्यायच आहे. वीस वर्षं एकट्याने घासली गॅस्टनने, आणि धंदा उभा राहिला लेपावर. पण त्या लेपाखाली कल्पना त्याचीच होती.

२१ मे १८८९ ला, वयाच्या ५५ व्या वर्षी गॅस्टन गेला. त्याच महिन्यात पॅरिसमध्ये आयफेल टॉवर लोकांसाठी खुला झाला होता. पेट्रोलच्या गाड्या नुकत्याच कुठे रांगत होत्या. त्यांना हँडल मारूनच सुरू करावं लागायचं. हँडल जाऊन बॅटरीवरचा स्टार्टर आला तो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत. तिथून त्याची बॅटरी जगभरातल्या बॉनेटखाली गेली, नव्वदच्या दशकात डोंबिवलीजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या प्यूजोतही.

गॅस्टनचा धाकटा भाऊ फ्रान्सिस मोठा पियानोवादक होता. तो १९३४ पर्यंत जगला. भावाची गुंडाळी गाडीत बसलेली, चावी फिरवली की इंजिन उठवणारी, त्याला बघायला मिळाली.