मुक्या प्राण्यांचा कैवारी

रिचर्ड मार्टिन यांचा जन्म 1754 मध्ये आयर्लंडमधील एका बड्या जमीनदार घराण्यात झाला. हॅरो आणि केंब्रिज येथे शिकून ते बॅरिस्टर झाले. तरुणपणी ते द्वंद्वयुद्धांसाठीच प्रसिद्ध होते. जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेराल्ड या उद्दाम जमीनदाराने लॉर्ड अल्टामाँट यांचा शिकारी वुल्फहाउंड गोळी घालून मारला. मार्टिन यांनी पुढे त्याच्याशी पिस्तुलांचे द्वंद्व केले, त्यामागे हाच राग होता असे सांगतात. त्या काळी कुत्रा म्हणजे मालकाची निव्वळ मालमत्ता. त्याच्या वेदनेची दखल कायदा घेत नसे.

गॅलवेचे खासदार या नात्याने मार्टिन यांनी ब्रिटिश संसदेत ही उणीव भरून काढण्याचा ध्यास घेतला. वाट बिकट होती. लॉर्ड अर्स्किन यांचे याच आशयाचे विधेयक 1809 मध्ये कॉमन्स सभागृहात फेटाळले गेले होते. गरिबांचे खेळ बंद करायचे, तर श्रीमंतांच्या शिकारीचे काय, हा विरोधकांचा सवाल अडचणीचा होता. अखेर 1822 मध्ये मार्टिन यांचा कायदा संमत झाला. घोडे, गाई, मेंढ्या अशा जनावरांना निर्दयपणे वागवणाऱ्यास 10 शिलिंग ते 5 पौंड दंड ठरला. कुत्रा मात्र त्या यादीत नव्हता. त्याला संरक्षण देण्याचे मार्टिन यांचे पुढील प्रयत्न संसदेने हाणून पाडले. कायदा कागदावर राहू नये म्हणून ते स्वतः खटले भरीत. 1824 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या प्राणिक्लेश निवारण संस्थेच्या संस्थापकांतही ते होते.

1826 च्या निवडणुकीचा निकाल पुढे रद्द झाला आणि खासदारकीबरोबर कर्जाबद्दलच्या अटकेपासूनचे संरक्षणही गेले. सावकारांच्या तगाद्यामुळे त्यांना फ्रान्समधील बुलोन गाठावे लागले. तेथेच 1834 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी कुत्र्यांना कायद्याचे छत्र मिळाले.

तरीही शिकारीपुढे कायदा आजही अडखळतो. स्पेनने 2023 मध्ये प्राणिकल्याणाचा नवा कायदा केला, पण शिकारी कुत्र्यांना त्यातून वगळले. मार्टिन यांचे अपुरे काम दोन शतकांनंतरही अपुरेच आहे.