मेघदूतातला ‘रामगिरी’ रामटेकचाच, हे मांडणारे वा. वि. मिराशी

नागपूरहून कामठी, कन्हान ओलांडलं की पुढे रामटेकचा डोंगर लागतो. ‘मेघदूता’तला विरही यक्ष इथेच राहायचा का?

टीकाकार मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट, असा अर्थ लावला होता. १८९३ मध्ये कोकणात जन्मलेले वा. वि. मिराशी नागपुरात संस्कृतचे प्राध्यापक झाले. त्यांनी काव्याच्या जोडीला ताम्रपटही वाचले. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे. ही राणी दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, आणि कालिदास त्याच काळातला मानला जातो. म्हणून रामगिरी म्हणजे रामटेकच, असं मिराशींनी मांडलं.

काही अभ्यासक आजही छत्तीसगडच्या रामगढकडे बोट दाखवतात. १९८५ मध्ये मिराशी गेले. पण विदर्भाला ‘मेघदूत’ आपल्या मातीतलं वाटतं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.