एका खोलीतले तीन मित्र



संत फ्रान्सिस झेविअर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकटा चालणारा माणूस उभा राहतो. हातात क्रूस, अंगात काळा झगा आणि पायाखाली परकी भूमी. चित्रकारांनी त्यांना तसेच रंगवले आहे आणि आपणही लहानपणापासून त्यांना तसेच पाहत आलो आहोत. गोवा, तामिळनाडूचा किनारा, मलाक्का, जपान आणि शेवटी चीनचा उंबरठा, एवढा प्रवास एका माणसाने साडेदहा वर्षांत केला असे आपण अभिमानाने सांगतो. गोव्याहून ते आपल्या वसईलाही येऊन गेले. पण त्यांचे चरित्र नीट वाचले तर ध्यानात येते की हे सारे त्यांनी एकट्याच्या बळावर केले नाही. त्यांच्या पाठीशी माणसे होती आणि ती माणसे त्यांनी जिवापाड जपली होती.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नवारा राज्यात, झेविअरच्या गढीत झाला. वडील कायद्याचे पंडित आणि नवाराच्या राजाचे सल्लागार होते. १५१२ साली कॅस्टिलच्या सैन्याने नवारा जिंकून घेतले आणि या घराण्याचे दिवस फिरले. १५१५ साली वडील वारले. पुढच्याच वर्षी गढीचे बुरूज पाडून टाकण्यात आले. धाकट्या फ्रान्सिसने हे सर्व दहा वर्षांच्या आतबाहेरच्या वयात पाहिले. थोरले भाऊ तलवार घेऊन राज्य परत मिळवायला निघाले. फ्रान्सिस यांनी मात्र पुस्तकांची वाट धरली. शिकून मोठे व्हायचे, चर्चमध्ये मानाचे पद मिळवायचे आणि घराण्याचे नाव पुन्हा वर आणायचे, असे त्यांच्या मनात होते.

१५२५ साली, एकोणिसाव्या वर्षी ते पॅरिसच्या विद्यापीठात दाखल झाले आणि सेंट-बार्ब महाविद्यालयात राहू लागले. तेथे त्यांच्या खोलीत पीटर फेबर नावाचा त्यांच्याच वयाचा विद्यार्थी होता. पीटर सव्हॉयच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी त्याने बापाची मेंढरे राखली होती. एक सरदारपुत्र, दुसरा मेंढपाळाचा पोर. तरी दोघांचे चांगले जमले. फ्रान्सिस खेळकर, देखणे आणि उंच उडीत पटाईत. पीटर शांत आणि अभ्यासू, पण मनातून फार अस्वस्थ. आपण डॉक्टर व्हावे, वकील व्हावे, लग्न करावे की मठात जावे, याचा त्याला काही निर्णय होत नव्हता. आपल्या पापांची क्षमा झाली की नाही या शंकेनेही त्याला पोखरले होते.

१५२९ साली या खोलीत तिसरा माणूस आला. वय अडतीस, पायाने अधू, अंगावर साधे कपडे. हे इग्नेशिअस लोयोला. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या किल्ल्यात कॅस्टिलच्या बाजूने लढताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला होता. त्या युद्धात फ्रान्सिस यांचे भाऊ विरुद्ध पक्षात होते. ज्या सत्तेने आपल्या घराची वाताहत केली तिच्या बाजूने लढलेला हा शिपाईगडी आता आपल्याच खोलीत राहणार, हे फ्रान्सिस यांना रुचले नसेल तर नवल नाही. या वयात शाळकरी पोरांबरोबर लॅटिन आणि तर्कशास्त्र शिकायला आलेल्या, भिक्षा मागून फी भरणाऱ्या माणसाची ते थट्टा करीत.

पुढे काय झाले ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. इग्नेशिअस यांना ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान जड जात होते. शिक्षकांनी पीटरला त्यांची उजळणी घ्यायला सांगितले. पीटरची पैशांची ओढाताण होती. इग्नेशिअस सुटीत फ्लँडर्सला आणि एकदा लंडनपर्यंत जाऊन स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून मदत आणीत. त्या पैशातून पीटरचाही खर्च भागू लागला. एकाने विद्या दिली, दुसऱ्याने पैसा दिला. शिकवता शिकवता पीटरने आपल्या मनातले काटेही इग्नेशिअस यांना दाखवले आणि आयुष्यात प्रथमच त्याला शांती मिळाली.

फ्रान्सिस यांच्याशी मात्र असे लगेच झाले नाही. १५३० साली त्यांनी पदवी घेतली आणि ते दुसऱ्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवू लागले. नव्या शिक्षकाला विद्यार्थी हवे असतात. इग्नेशिअस यांनी ओळखीपाळखीतून त्यांच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले. हात तंग होता तेव्हा पैशांची मदत केली. वाईट संगतीत पाय घसरण्याचा धोका होता तेव्हा सावध केले. उपदेशाने जे झाले नाही ते या साध्या, रोजच्या मदतीने हळूहळू झाले. तरीही त्याला जवळजवळ चार वर्षे लागली. १५३३ साली पीटर सात महिने गावी जाऊन आला, तेव्हा त्याला फ्रान्सिस बदललेले दिसले.

इकडे घरी थोरल्या भावाच्या कानावर इग्नेशिअस यांच्याविषयी बरेवाईट गेले होते. १५३५ साली फ्रान्सिस यांनी भावाला पत्र लिहून या माणसाचे आपल्यावर किती उपकार आहेत ते मोकळेपणाने कळवले. ज्याची थट्टा केली त्याच्याबद्दल असे लिहायला मन मोठे लागते. ते पत्र घेऊन नवाराला गेले ते स्वतः इग्नेशिअसच!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलने केलेले मैत्रीचे तीन प्रकार आम्ही पाठ केले होते. एक मैत्री उपयोगासाठी, दुसरी मौजेसाठी आणि तिसरी एकमेकांच्या भल्यासाठी. पहिल्या दोन गरज किंवा मजा संपली की संपतात, तिसरी टिकते. हे खरे आहे. पण पॅरिसच्या त्या खोलीकडे पाहिले की आणखी एक गोष्ट कळते. तिसरी मैत्री आकाशातून पडत नाही. तिथे ती शिकवणीतून आणि फीच्या पैशांतून, म्हणजे पहिल्याच पायरीवरून सुरू झाली. ते तिघे त्या पायरीवर थांबले नाहीत, एवढेच. म्हणून कुणाकडे मदत मागण्यात कमीपणा नाही आणि मदतीतून जुळलेली ओळख हलकीही नाही. आपण तिला पुढे कुठे नेतो हे महत्त्वाचे.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवरील छोट्या चॅपेलमध्ये सात मित्र जमले. या तिघांबरोबर लायनेझ, साल्मेरॉन, बोबाडिला आणि सिमाव रॉड्रिग्ज होते. त्यांच्यात धर्मगुरू एकटे पीटर, तेही अडीच महिन्यांपूर्वी दीक्षा घेतलेले. मिस्सा त्यांनीच अर्पण केली. सर्वांनी निर्धनतेचे आणि ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. या छोट्या मेळाव्यातूनच पुढे येशू संघ जन्मास आला. पोप तिसरे पॉल यांनी १५४० साली त्याला मान्यता दिली.

त्याच वर्षी फ्रान्सिस यांचा प्रवास सुरू झाला, तोही दुसऱ्याच्या जागी. पोर्तुगालच्या राजाने भारतासाठी धर्मगुरू मागितले होते. रॉड्रिग्ज आणि बोबाडिला यांची नावे ठरली होती. बोबाडिला आजारी पडले आणि निघायला एक दिवस राहिला असताना इग्नेशिअस यांनी फ्रान्सिस यांना विचारले. ते तात्काळ तयार झाले. जाण्यापूर्वी त्यांनी संघाच्या प्रमुखाच्या निवडीसाठी आपले मत लिहून ठेवले. पहिले नाव इग्नेशिअस यांचे, त्यांच्या पश्चात पीटर फेबर यांचे. खोलीतले मित्र आता त्यांच्यासाठी वडीलधारे झाले होते. मार्च १५४० मध्ये रोम सोडल्यानंतर या तिघांची एकत्र भेट पुन्हा कधीच झाली नाही.

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. इथेही त्यांनी माणसे जोडूनच काम केले. तामिळनाडूच्या मोती काढणाऱ्या कोळी बांधवांकडे जाताना गोव्याहून तामिळ जाणणारे तरुण बरोबर घेतले आणि स्थानिक माणसांना जवळ बसवून प्रार्थना तामिळमध्ये उतरवल्या. मलाक्कात १५४७ साली त्यांना आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ भेटला. त्याच्या हातून मायदेशी खून झाला होता आणि तो पळून आला होता. फ्रान्सिस यांनी त्याला दूर लोटले नाही. गोव्यात त्याचा स्नानसंस्कार झाला आणि त्याचे नाव पावलो ठेवण्यात आले. १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. ते पावलोचेच गाव. जपानचे दार उघडायला हा माणूस लागला. मोंमार्त्रच्या त्या मिस्सेला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती.

या साऱ्या धावपळीत जुने मित्र दूर राहिले होते. युरोपातून निघालेले पत्र हाती पडायला दोन-दोन वर्षे लागत. १५४६ साली फ्रान्सिस इंडोनेशियातील अंबॉन बेटावर होते. तिथे त्यांनी मित्रांच्या पत्रांतून त्यांच्या हस्ताक्षरातील नावे कापून घेतली, आपल्या व्रताच्या कागदाबरोबर ठेवली आणि ते सर्व ते नेहमी जवळ बाळगू लागले. अनोळखी भाषा, वादळी समुद्र आणि जिवाची शाश्वती नाही, अशा ठिकाणी या माणसाने बळ कुठून मिळवले याचे एक उत्तर त्या कागदाच्या चिठोऱ्यांत आहे. त्याच वर्षी १ ऑगस्टला पीटर फेबर रोममध्ये वारले. दूर पूर्वेत असलेल्या फ्रान्सिस यांना ते कळायला बराच काळ लागला.

सर्वच माणसांनी साथ दिली असे नाही. १५५२ साली चीनला जाण्याचा बेत ठरला. दियोगो परेरा हे व्यापारी मित्र स्वतःच्या खर्चाने वकिलात घेऊन निघाले होते. मलाक्काच्या कप्तानाने परेरांना अडवले आणि सारी योजना कोसळली. फ्रान्सिस थोड्याशा सोबत्यांसह पुढे गेले. चीनच्या किनाऱ्यासमोरील सांचियान बेटावर एका झोपडीत ते तापाने फणफणले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला. उशाशी अंतोनियो हा गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात शिकलेला चिनी तरुण होता. शेवटच्या क्षणांची हकिगत आपल्याला त्याच्यामुळेच कळली. जून १५५३ मध्ये इग्नेशिअस यांनी रोमहून त्यांना परत बोलावणारे पत्र लिहिले. आपला मित्र सहा महिन्यांपूर्वीच गेला आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

इग्नेशिअस आणि फ्रान्सिस या दोघांना १२ मार्च १६२२ रोजी एकाच दिवशी संतपद मिळाले. पीटर फेबर मागे राहिले होते. १७ डिसेंबर २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांनाही संत घोषित केले. त्या एका खोलीतले तिघेही आज वेदीवर आहेत.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातली कितीतरी मुले आज मुंबई-पुण्यात, आखातात, कॅनडात चौघा-पाचजणांत खोली घेऊन राहतात. निघताना आपण त्यांना सांगतो, आपण बरे आणि आपले काम बरे. हा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो. पण नापास झालेला, नोकरी गेलेला, कर्जात अडकलेला मुलगा नेमका हाच सल्ला पाळतो आणि घरी फोनवर सर्व ठीक आहे म्हणून सांगतो. त्याच्या खोलीत कदाचित एखादा इग्नेशिअस असेल. पण त्याच्याशी बोलायचे त्याला कुणी शिकवलेलेच नसते. पुढच्या वेळी मुलांना निरोप देताना हेही सांगा: अडचण आली तर लपवू नकोस, कुणाला तरी विश्वासात घे आणि तुझ्याजवळ जे आहे ते दुसऱ्याला दे.

आणि आपण जे गावात आहोत त्यांच्यासाठी तर काम अगदी हाताशी आहे. शेजारच्या मुलीने शिकवणी सुरू केली असेल तर आपली मुले तिच्याकडे पाठवा. वाडीतल्या मुलाने गॅरेज टाकले असेल तर स्कूटर त्याच्याकडे न्या. बँकेत, कंपनीत, इस्पितळात ज्यांची ओळख आहे त्यांनी एखाद्या होतकरूसाठी शब्द टाकावा. फ्रान्सिस यांच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून देणाऱ्या इग्नेशिअस यांनी याहून वेगळे काही केले नव्हते. ज्याच्याशी आपले पटत नाही, ज्याच्या घराशी आपला जुना वाद आहे, त्याच्यापासून सुरुवात करता आली तर अधिकच चांगले.

आज घरी गेल्यावर एका कागदावर आपल्याला घडवणाऱ्या चार माणसांची नावे लिहा. त्यांपैकी जे हयात आहेत त्यांना फोन करा. जे गेले आहेत त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणा. मग तो कागद आपल्या बायबलमध्ये ठेवा.

आपला स्नेहांकित,
प्रमुख धर्मगुरू