वाळूत पुरलेली ‘बॅब्ज’

वेल्सचे जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस (१८८४–१९२७) लेलँड मोटर्सचे मुख्य अभियंता होते. पुढे ब्रुकलँड्सच्या शर्यतींनी त्यांना झपाटले. दिवंगत काउंट झ्बोरोव्स्की यांची मोटार त्यांनी अवघ्या १२५ पौंडांत विकत घेतली. तिचे २७ लिटरचे विमानाचे इंजिन कायम ठेवून तिची पुनर्बांधणी केली आणि ‘बॅब्ज’ असे लाडके नाव दिले. २८ एप्रिल १९२६ रोजी पेंडाइनच्या समुद्रकिनाऱ्यावर तिने ताशी सुमारे २७५ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला. पुढच्याच फेब्रुवारीत माल्कम कॅम्पबेल यांनी तो मोडला. तो परत मिळवण्याच्या प्रयत्नात ३ मार्च १९२७ रोजी त्याच वाळूवर थॉमस यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडीही तिथेच पुरण्यात आली. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन यांनी गंजलेली ‘बॅब्ज’ उकरून काढली आणि चिकाटीने पुन्हा धावती केली.