जांबेचे समर्थ आणि अक्षराचे वळण
जालना जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ साली सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मास आला. तेच पुढे समर्थ रामदास. बाराव्या वर्षी ते लग्नमंडपातून निघून गेले, ही कथा सर्वांस ठाऊकच आहे. आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. घरदार टाकलेल्या या पुरुषाने दासबोधात अक्षर कसे काढावे यावर अख्खा समास घातला! शाई, कागद, लेखणी, काही म्हणून सोडले नाही. पोथी संपेतो वळण बदलता कामा नये, हा कटाक्ष. उतरून घेणारा शेवटी कंटाळतो, एखादा काना चुकतो, आणि पुढे वाचणाऱ्याच्या तोंडी तेच बसते. १६८२ त समर्थांनी सज्जनगडी देह ठेवला. कल्याणस्वामींच्या हातची प्रत डोमगावच्या मठात राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकरराव देवांनी तिच्यावरूनच दासबोध छापला.