अंधाराला डोळे देणारा सुताराचा मुलगा

आमचे अण्णा रात्री ऊस घेऊन कारखान्याला जातात. पूर्वी बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. एका रात्री तो विझला आणि मागून आलेल्या ट्रकला आमची गाडी दिसलीच नाही. अण्णा वाचले; एक बैल गेला. अंधारात लहान वाहन मोठ्याला कसे दिसावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. म्हणूनच सर रॉबर्ट वॉटसन-वॅट यांचे चरित्र मला जवळचे वाटले.

१८९२ साली स्कॉटलंडमधील ब्रेकिन या गावी एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर ते डंडीच्या कॉलेजात गेले व १९१२ मध्ये इंजिनियर झाले. १९१५ पासून ते हवामान खात्यात होते. वीज चमकताना निघणाऱ्या रेडिओ लहरींवरून वादळाची जागा शोधून वैमानिकांना आगाऊ सूचना द्यावी, हा त्यांचा ध्यास होता.

पुढे हवाई खात्याने त्यांना विचारले की, शत्रूला नष्ट करणारा मृत्युकिरण बनवता येईल काय? त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडले. तसा किरण अशक्य होता. परंतु विमानावर आपटून परतणाऱ्या लहरींवरून विमानाचा ठावठिकाणा लागू शकेल, असे दिसले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ प्रयोग झाला आणि सुमारे १३ किलोमीटरवरील विमानाची चाहूल पडद्यावर उमटली. १९४० च्या हवाई लढाईत याच रडारने ब्रिटनला मोठा आधार दिला. १९४२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

युद्धानंतर रडार नागरी विमानतळांवर आले. छोट्या विमानावरून परतणारी लहर क्षीण असते. म्हणून रडारने हाक मारताच ओ देणारे ट्रान्सपाँडर हे यंत्र विमानात बसवू लागले. आमच्या गाडीखालचा कंदील तो हाच!

१९७३ साली वॉटसन-वॅट निवर्तले. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टन येथे उतरणारे प्रवासी विमान आणि लष्कराचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसे प्राणास मुकली. दोन्ही रडारवर दिसत होती. यंत्र डोळे देते. वेळीच सावध होणे मात्र माणसाकडेच राहते.

अण्णांनी आता गाडीला लाल रिफ्लेक्टर लावला आहे. तरीही ते परत येईपर्यंत आई जागीच असते.