दहा पौंडांचे हस्तलिखित

बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीतून आमच्या घरी पुस्तके येत, त्यांत आजोबांच्या आवडीचे एखादे इंग्रजी पुस्तक हमखास असे. जेन ऑस्टेनचे नाव मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. पुढे कॉलेजात 'प्राइड अँड प्रेज्युडिस' अभ्यासाला लागले. परंतु त्या पुस्तकाला छापखान्याचे तोंड पाहण्यासाठी पंधरा वर्षांवर थांबावे लागले होते, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा माझ्याही एका कादंबरीचे बाड एका प्रकाशकाकडे दोन वर्षे पडून होते; म्हणून ती हकीकत मी अंमळ अधिकच जिव्हाळ्याने वाचली.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील तेथले धर्मगुरू; घरी मुले ठेवून त्यांना शिकवीत. घर माणसांनी आणि पुस्तकांनी भरलेले. मुलीच्या लिहिण्याला तेथे आडकाठी नव्हती, हे तिचे भाग्य. १७९६ च्या ऑक्टोबरात तिने एक कादंबरी लिहावयास घेतली आणि पुढल्या ऑगस्टात पुरी केली. नाव ठेवले 'फर्स्ट इम्प्रेशन्स'. वय अवघे एकवीस.

वडिलांना ती इतकी आवडली, की त्यांनी स्वतः लंडनच्या कॅडेल या नामांकित प्रकाशकांस पत्र घातले. हस्तलिखित पाठविले नव्हते. पाहाल काय, एवढीच पृच्छा होती. उलट टपाली नकार आला. न वाचताच परतविलेली ती कादंबरी म्हणजेच पुढची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'!

१८०१ मध्ये वडिलांनी खेडे सोडले व कुटुंब बाथ शहरी राहावयास गेले. १८०३ मध्ये 'सुझन' नावाची दुसरी कादंबरी क्रॉस्बी या प्रकाशकाने दहा पौंडांना विकत घेतली. जाहिरातही झळकली. घरच्यांना केवढा आनंद झाला असेल! परंतु पुस्तक काही निघाले नाही. अशात १८०५ च्या जानेवारीत वडील वारले. आई आणि दोघी अविवाहित मुली भावांच्या आधारावर आल्या, बिऱ्हाडे बदलू लागली. हाती घेतलेली एक नवी कादंबरी जेनने अर्धवट टाकली. नकारापेक्षा हे ताटकळणे वाईट. नकार मिळाला तर माणूस दुसरे दार ठोठावतो. येथे वस्तूही आपली उरली नव्हती.

सहा वर्षे वाट पाहून १८०९ च्या एप्रिलात तिने टोपणनावाने क्रॉस्बीला खरमरीत पत्र लिहिले. उत्तर आले, की अमुक मुदतीत छापण्याचे आम्ही कबूल केलेले नाही. अन्यत्र छापाल तर कायदेशीर इलाज करू. दहा पौंड भरा आणि घेऊन जा. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या बाईला ते दहा पौंड जड होते. बाड तेथेच राहिले.

त्याच वर्षी एडवर्ड या भावाने चॉटन गावी मायलेकींना घर दिले आणि लेखणी पुन्हा चालू लागली. १८११ मध्ये 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' निघाली, तीही नुकसानीची जोखीम स्वतः पत्करून. तोटा आल्यास भरावा म्हणून तिने पैसे बाजूला काढून ठेवले होते. तोटा दूरच, पहिली आवृत्ती संपून १४० पौंड नफा झाला. मग १८१३ मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आली. तिचे हक्क ११० पौंडांना गेले. पुस्तकावर तिचे नाव मात्र हयातीत कधीच आले नाही.

१८१६ मध्ये हेन्री या भावाने दहा पौंड भरून 'सुझन' सोडविली. व्यवहार पुरा झाल्यावरच त्याने क्रॉस्बीला सांगितले, की ही 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्याच लेखिकेची कृती, असे ऑस्टेन घराण्यात सांगत. ते पुस्तक 'नॉर्दँगर ॲबी' या नावाने १८१७ च्या डिसेंबरात बाहेर पडले. जेन त्याच वर्षी १८ जुलैला, एकेचाळिसाव्या वर्षी निवर्तली होती. पहिले विकलेले पुस्तक तिला छापलेले पाहावयास मिळाले नाही.

माझे बाड पुढे टपालाने परत आले. मी काही जेन ऑस्टेन नव्हे, हे मला पक्के ठाऊक आहे. परंतु त्या दोन वर्षांत मी एक ओळही लिहिली नव्हती, याची त्या दिवशी लाज वाटली. रात्री जेवणे आटोपल्यावर नवी वही काढली.